गाऱ्हाणे आणि कुरकुर

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की आपल्या घराघरांतून चातुर्मासाच्या नेमांची बोलणी सुरू होतात. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहण्याचा संकल्प करतो, तर कोणी रोज सायंकाळी देवळात येऊन एक दिवा लावण्याचे मनात धरतो. जिभेला जे आवडते ते चार महिने तिला द्यावयाचे नाही, असे या नेमांचे सामान्यतः बाह्य स्वरूप असते. परंतु जिव्हेची कामे दोन आहेत. ती चव घेते, तशीच ती बोलतेही. खाण्याचे नेम करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. बोलण्याचा नेम करणारे थोडे. मागील चातुर्मासात प्रस्तुत लेखकाने असा एक बोलण्याचा नेम करून पाहिला. तो पूर्णपणे पाळला गेला नाही, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. तथापि तो मोडत असताना जे दिसले ते या पत्रकाच्या वाचकांपुढे ठेवावे, यंदाचे नेम ठरविताना कोणाच्या उपयोगी पडलेच तर पडावे, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

नेम साधा होता. कार्तिकी एकादशीपर्यंत कोणत्याही गोष्टीबद्दल कुरकुर करावयाची नाही. नेम म्हटला की मोजदाद आली. देवघराजवळच्या कोनाड्यात दोन वाट्या ठेवल्या. एकीत हरभरे भरले. तोंडून कुरकुर बाहेर पडली की एक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाकावयाचा, असे ठरविले. पहिल्या दिवशी सकाळी चहा पाणचट झाला, हा पहिला दाणा. नळाला पाणी उशिरा आले, हा दुसरा. वर्तमानपत्र पावसात भिजले, हा तिसरा. उकाडा, शेजारच्या घराचे बांधकाम, रस्त्यावरील वाहनांची गर्दी, भाजीचा भाव, नातवाच्या हातातील भ्रमणध्वनी आणि काकड आरतीला पाच मिनिटे झालेला उशीर, असे करता करता दुपारच्या जेवणापर्यंत दुसऱ्या वाटीत १९ दाणे जमले. रात्री ती वाटी पाहून आमच्या मंडळींनी अगदी शांतपणे विचारले, "हे भिजत घालू का? उद्याच्या उसळीपुरते होतील." हसावे की लाजावे, हे मला कळेना.

यातील आश्चर्य असे की त्या दिवसापर्यंत मी स्वतःला कुरकुर करणारा मनुष्य समजत नव्हतो. असे सहसा कोणीच समजत नाही. कुरकुर करतो तो दुसरा. आपण करतो ते केवळ वस्तुस्थितीचे कथन असते. चहा खरोखरच पाणचट होता, पाणी खरोखरच उशिरा आले होते, मग यात आमचे चुकले कोठे? माझ्या मनानेही पहिले काही दिवस हाच युक्तिवाद केला. पण वाटीतील दाणे मोजताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती आल्यावर तो युक्तिवाद आपोआप लंगडा पडला. त्या १९ गाऱ्हाण्यांपैकी एकही मी अशा माणसाजवळ केले नव्हते, की ज्याच्या हातून ते दूर होण्याचा संभव होता. पाण्याबद्दल पत्नीला सांगितले, वाहनांबद्दल भाजीवाल्याला सांगितले, भाजीच्या भावाबद्दल पुजाऱ्यांना सांगितले आणि आरतीच्या उशिराबद्दल, पुजारी सोडून, ओट्यावर बसलेल्या सर्वांना सांगितले! पत्र लिहावे, त्यावर पत्ताच घालू नये, आणि तेच पत्र रोज वाटेल त्याच्या दारात टाकीत जावे, तशातला हा प्रकार होता.

आपल्या भाषेने या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक विवेक केलेला आहे. दुःख सांगण्याला मराठीत अनेक शब्द आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाचा रोख निराळा आहे. 'फिर्याद' हा शब्द फारसीतून आला; त्याचे मूळ साहाय्यासाठी मारलेल्या हाकेत आहे. हाक मारणाऱ्याला कोणीतरी ऐकणारा अपेक्षित असतो. 'तक्रार' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे, असा आहे. आपण ज्या अर्थाने तो वापरतो तो अर्थ त्याला मागाहून प्राप्त झाला. तथापि रोज सकाळी त्याच चहाबद्दल तेच वाक्य उच्चारणाऱ्या माझ्यासारख्याला त्या मूळ अर्थाची आठवण असलेली बरी.

आणि 'गाऱ्हाणे' हा शब्द तर देवाच्या दारातला आहे. आपल्यापैकी ज्या कुटुंबांचे कुलदैवत कोकणात किंवा गोव्यात आहे, त्यांनी देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत पाहिली असेल. गावच्या वतीने एकजण उभा राहतो, देवदेवतांना नावाने हाक घालतो, संकट काय आहे ते स्पष्ट शब्दांत मांडतो, आणि जमलेली मंडळी एका स्वराने 'होय महाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. गाऱ्हाणे घालून झाले की मंडळी उठतात व आपापल्या कामाला लागतात. येथे दुःख लपविलेले नाही. उलट ते चारचौघांत, मोठ्याने सांगितलेले आहे. मात्र ते कोणाला सांगावयाचे हे ठरलेले आहे, ते एकट्याचे नसून सर्वांचे आहे, आणि ते सांगण्याला शेवट आहे. कुरकुरीला यांतील काहीच नसते. तिला श्रोता कोणीही चालतो, तिचा विषय बहुधा 'मी' असतो, आणि ती कधीही संपत नाही.

असे असूनही कुरकुर सोडणे इतके अवघड का जावे? नेमाच्या पहिल्या पंधरवड्यात याचा मला बराच उलगडा झाला. सायंकाळच्या आरतीनंतर देवळाच्या ओट्यावर आम्ही पाचसहाजण बसतो. त्या दिवसांत मला तेथे बोलावयास विषयच सुचेना. एकजण म्हणे, "काय हा उकाडा!" आणि दुसरा त्याला जोड देई, पहिल्याने आपल्या मुलाचे सांगावे, दुसऱ्याने जावयाचे सांगावे. मी आपला गप्प. तेव्हा लक्षात आले की आमचा अनेक वर्षांचा स्नेह मोठ्या अंशी या समान कुरकुरीच्या धाग्याने विणलेला होता. दोन अनोळखी माणसांना जवळ आणण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. आनंद सांगितला तर समोरच्याला हेवा वाटण्याची भीती. विचार सांगितला तर मतभेदाची भीती. कुरकुर मात्र सर्वांना तत्काळ मान्य होते. शिवाय तिच्यात एक सूक्ष्म अहंकारही दडलेला असतो. जो दोष काढतो तो, न बोलताच, आपण त्या दोषाच्या वर आहोत असे सुचवीत असतो. आरतीला उशीर झाला असे जो म्हणतो, तो मनातून 'मी असतो तर वेळेवर केली असती' असेही म्हणत असतो. आणि असे म्हणून झाल्यामुळे उद्या पहाटे लवकर येऊन समया घासण्याच्या जबाबदारीतून तो मोकळा होतो. सोबत, मोठेपणा आणि सुटका ही तिन्ही फळे ज्या झाडाला फुकट लागतात, ते झाड तोडावयास कोणाचा हात धजावेल?

मी खोटे तर बोलत नाही ना, हा कुरकुर करणाऱ्याचा मुख्य बचाव असतो, असे वर म्हटलेच आहे. या बचावाला गीतेच्या १७ व्या अध्यायात उत्तर सापडते. तेथे शरीराचे, वाणीचे व मनाचे अशी तपाची तीन रूपे भगवंतांनी सांगितली आहेत. वाणीच्या तपात सत्याला स्थान आहेच. परंतु सत्य एकटे उभे केलेले नाही. बोलणे ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारे असावे, ते प्रिय असावे आणि हितकरही असावे, या अटी सत्याच्या शेजारीच घातलेल्या आहेत. आमची कुरकुर सत्याच्या एका कसोटीला उतरते आणि तेवढ्यावरच ती उत्तीर्ण झाल्याचा आव आणते. तिने ऐकणाऱ्याचे काय होते, आणि तिच्यापासून कोणाचे काय हित झाले, हे विचारताच तिच्यापाशी उत्तर नसते.

ऐकणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न मी येथवर एखाद्या शास्त्रीबुवांच्या थाटात मांडला आहे. माझ्या स्वतःच्या घरात त्याचे उत्तर काय मिळाले ते आता सांगावयास हवे. तसे केले नाही तर हा लेख केवळ सुविचारांची जुळणी होईल.

एके काळी आमचे कुटुंब एकत्र होते. थोरल्या बंधूंच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्या घराचा कणा होत्या. पहाटे सर्वांच्या आधी उठावे आणि रात्री सर्वांच्या मागून निजावे, असा त्यांचा क्रम. पुष्कळ वर्षांपूर्वी एका श्रावणात दुपारी मी माजघरात बसलो होतो. वहिनी धुणे वाळत घालून आल्या आणि भिंतीला टेकून म्हणाल्या, "भावजी, अलीकडे पाठीत फार कळा येतात हो. रात्रीची झोपही लागत नाही." मी तत्काळ उत्तर दिले, "पाठीचे काय घेऊन बसलात, वहिनी! माझा गुडघा पाहा, जिना चढताना जीव जातो." आणि त्या गुडघ्याचे संपूर्ण आख्यान मी त्यांना ऐकविले. वहिनी हसल्या. स्वयंपाकघरात गेल्या, आणि थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यासाठी कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या.

मार्गशीर्षात त्यांना अंथरुणावरून उठवेना, तेव्हा रुग्णालयात नेले. दुखणे फार पुढे गेले होते. चैत्र उजाडण्यापूर्वीच त्या गेल्या. आधी कळले असते तर त्या वाचल्या असत्या किंवा नाही, हे मी सांगू शकत नाही. निदान त्या वेदनेला काही उतार पडला असता, एवढे खरे. दिवसकार्याच्या वेळी जमलेले सर्व आप्त एकमुखाने म्हणाले, "बिचारीने शेवटपर्यंत कधी तक्रार केली नाही." मी खाली मान घालून बसलो होतो. कारण ते खरे नव्हते. वहिनींनी तक्रार केली होती. एकदाच केली होती, आणि ती माझ्यापाशी केली होती.

ही गोष्ट मी इतकी वर्षे मनाच्या अडगळीत टाकून दिली होती. नेमाच्या तिसऱ्या आठवड्यात, ओठांवर आलेली कुरकुर गिळून मी गप्प बसलो असताना, ती एकाएकी वर आली, तेलाच्या वाटीसकट. तेव्हा मला पहिल्यांदाच स्पष्टपणे दिसले की घरातील ऐकून घेण्याची शक्ती ही विहिरीतल्या पाण्यासारखी असते. ती अमर्याद नसते. जो सर्वांत मोठ्याने आणि सर्वांत अधिक वेळा बोलतो, तो आपल्या वाट्याहून कितीतरी अधिक पाणी उपसून घेतो. आणि ज्याला खरोखर तहान लागलेली असते त्याचा घडा तळाला खरवडून रिकामा वर येतो. माझ्या चहाने, माझ्या उकाड्याने आणि माझ्या गुडघ्याने त्या घरातील सर्व जागा व्यापलेली होती. वहिनींच्या पाठीच्या कळांना तेथे बसावयास पाट उरला नव्हता. कुरकुरीचा खरा दोष मला तेव्हा कळला. ती करणाऱ्याचे मन कडू करते हे तर आहेच. पण ती त्याचे कानही बंद करते. स्वतःचेच रडगाणे ज्याच्या कानांत अखंड चालू आहे, त्याला दुसऱ्याचा हुंदका ऐकू येणार कसा?

या ठिकाणी आम्हा इंदूरकरांना अहिल्याबाईंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांच्याइतकी कुरकुर करण्याची सबळ कारणे किती जणांच्या वाट्याला आली असतील? १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली पित्याप्रमाणे पाठीशी उभे असलेले सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव गेला. आणि उतारवयात, १७९१ साली, जावई यशवंतराव फणसे वारल्यावर कन्या मुक्ताबाईंनी मातेच्या विनवण्या न जुमानता सहगमन केले. त्या आघातानंतर अहिल्याबाई तीन दिवस अन्नावाचून, एक शब्दही न बोलता राहिल्या, असे जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानासंबंधी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले आहे. म्हणजे त्या दगडाच्या नव्हत्या. दुःख त्यांनी दुःख म्हणूनच भोगले. परंतु १७६७ पासून १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांच्या कारभाराचे जे वैशिष्ट्य सर्वतोमुखी झाले, ते असे की त्या महेश्वरी प्रत्यही दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. जिच्या स्वतःच्या गाऱ्हाण्यांना अंत नव्हता, ती बाई रोज दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकावयास बसत होती. आपण त्यांची पुण्यतिथी साजरी करतो, पालखी काढतो. पण त्यांचे हे ऐकणे आपल्या घरात किती उतरले आहे, हा प्रश्न निदान मला तरी टाळता येण्यासारखा नाही.

आता एक धोका सांगितला पाहिजे. तो न सांगता हा विषय सोडणे अन्यायाचे होईल. 'तक्रार करू नये' हा उपदेश जगात फार जुना आहे, आणि तो बहुधा वरून खाली केला जातो. सासू सुनेला करते, मालक नोकराला करतो, धट्टाकट्टा मनुष्य आजाऱ्याला करतो. ज्याची पाठ दुखत नाही त्याने पाठ दुखणाऱ्याला सहनशीलतेचे महत्त्व पटवून द्यावे, यासारखे सोपे पुण्य नाही. वहिनींच्या मौनाची जी स्तुती त्या दिवशी झाली, तिच्यात आमच्या सर्वांच्या बहिरेपणाची सोय होती. त्यांच्या मौनाला आम्ही सद्गुण म्हटले, म्हणजे मग आमच्या न ऐकण्याला दोष म्हणावयाचे कारण उरत नाही! यास्तव हा नेम ज्याने त्याने केवळ स्वतःवर घालावा. तो सुनेवर, मुलांवर, आश्रितांवर घालू नये. योगशास्त्रात संतोष हा नियमांत गणलेला आहे, आणि नियम म्हणजे साधकाने स्वतःला लावून घ्यावयाचे बंधन होय. दुसऱ्याला संतोषी राहण्याची आज्ञा करणे यात साधना कोणतीही नाही.

त्याचप्रमाणे, कुरकुर सोडावी म्हणजे अन्याय व गैरसोय निमूटपणे सोसावी, असाही अर्थ कोणी घेऊ नये. आपल्याच शहराचे उदाहरण पाहा. पाण्याच्या टंचाईने इंदूर पूर्वी किती हैराण होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. 'पाणी नाही, पाणी नाही' ही कुरकुर तेव्हा घरोघरी, नळानळावर वर्षानुवर्षे चाललेली होती, आणि तिने एक घागरही भरली नाही. १९७० साली मात्र नागरिकांनी एकत्र येऊन नर्मदेचे पाणी शहरात आणावे यासाठी आंदोलन केले. मागणी एक, ती स्पष्ट, आणि ती ज्यांनी पुरी करावयाची त्यांच्यापुढेच मांडलेली. सुमारे सत्तर किलोमीटर दूर, शहराहून कितीतरी खालच्या पातळीवर वाहणारी नर्मदा जलूद येथून वर चढवून आणणे हे काम लहान नव्हते. तरी १९७८ साली ते पाणी इंदुरात पोहोचले. कुरकुर आणि फिर्याद यांतील अंतर याहून अधिक ठळकपणे दाखविणारे उदाहरण मला माहीत नाही. दुःख तेच होते, तोंडेही तीच होती. पत्त्याविना फिरणाऱ्या पत्रावर एकदाचा पत्ता घातला गेला, एवढाच फरक.

मग ज्या दुःखावर कोणाचाच उपाय चालत नाही, ते कोणाला सांगावे? म्हातारपण, वियोग, आपल्याच स्वभावाचा आपल्याला झालेला जाच यांची फिर्याद कोणत्या कचेरीत नोंदवावी? याचे उत्तर आपल्या परंपरेने देऊन ठेवले आहे. नामदेव, जनाबाई, तुकोबा हे विठ्ठलाशी किती मोकळेपणाने भांडले, त्याला त्यांनी किती खडे बोल सुनावले, हे त्यांचे अभंग वाचणाऱ्यास सांगावयास नको. आमच्या संतांनी गाऱ्हाणे मुळीच केले नाही, ही समजूत चुकीची आहे. त्यांनी ते थेट केले, ज्याच्यापाशी करावयाचे त्याच्या डोळ्यांना डोळा भिडवून केले. गीतेचा आरंभदेखील अशाच एका गाऱ्हाण्याने होतो, आणि त्या पहिल्या अध्यायाला 'अर्जुनविषादयोग' असे नाव आहे. विषादालाही योग म्हटले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्जुन बोलत असतो, त्याचे अंग कापते, तोंडाला कोरड पडते, तो धनुष्य टाकून रथात बसतो. आणि त्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत भगवान त्याला मध्येच थांबवीत नाहीत. आपल्या दुःखाची त्याच्या दुःखाशी तुलना करीत नाहीत. आधी सगळे ऐकून घेतात. उपदेश त्यानंतर आहे. माजघरातल्या त्या श्रावणातल्या दुपारी मला गीतेतील तत्त्वज्ञान ठाऊक नसते तरी चालले असते. पहिल्या अध्यायातील भगवंतांचे ते मौन तेवढे साधले असते तर पुरे होते.

या सर्व विचारांतून नेमाचे जे रूप शेवटी हाती आले, ते मूळच्या रूपाहून थोडे निराळे आहे. बोलणे ओठांवर आले की स्वतःला तीन प्रश्न विचारावयाचे. हे मी कोणाला सांगत आहे? कितव्यांदा सांगत आहे? आणि सांगून झाल्यावर मी काय करणार आहे? ज्याला सांगावयाचे तोच समोर असेल, ती वेळ पहिली किंवा फार तर दुसरी असेल, आणि पुढे आपणही हात लावण्याची तयारी असेल, तर अवश्य बोलावे, न भिता बोलावे. मन फार भरून आले असेल तर एका जिवलगापाशी एकदा मोकळे करावे. त्यात कमीपणा नाही. यांपैकी काहीच नसेल तर ते बोलणे देवापुढे ठेवावे, अथवा गिळून टाकावे. पाणचट चहाच्या बाबतीत मला आणखी एक उपाय सापडला. दुसऱ्या दिवशी चहा मीच केला. तोही पाणचट झाला, आणि तो विषय आमच्या घरात कायमचा मिटला.

नेमाचा ताळेबंद विचाराल तर तो फारसा अभिमानास्पद नाही. दुसऱ्या वाटीत एकही दाणा पडला नाही असा दिवस चार महिन्यांत एकदाही उगवला नाही. पुढे पुढे रोजचे दाणे चारपाचांवर आले होते, आणि दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत पुन्हा १२ वर गेले. परंतु भाद्रपदातील एका रात्रीची गोष्ट सांगतो. जेवणे झाली होती. मी नेहमीप्रमाणे काही बोलणार होतो, पण वाटीची आठवण होऊन थांबलो. घरात थोडा वेळ शांतता पसरली. त्या शांततेत पत्नी हळूच म्हणाली, "कणीक मळताना माझा डावा हात हल्ली बधिर पडतो. तुम्हाला सांगू की नको, असे झाले होते." मी विचारले, "कधीपासून?" ती म्हणाली, "होळीपासून." होळी ते भाद्रपद! सहा महिने ती त्याच घरात, त्याच ताटाशेजारी, बोलण्यासाठी जागा शोधीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. सुदैवाने दुखणे साधे निघाले, औषधाने व व्यायामाने उतारही पडला. या वेळी तेलाची वाटी मी कोमट केली.

यंदा आषाढी एकादशीला ते हरभरे पुन्हा कोनाड्यात ठेवण्याचा विचार आहे. वाचकांपैकी कोणास हा नेम करून पाहावासा वाटला तर त्यांनी अवश्य करावा. तो मोडेल, हेही गृहीत धरून करावा. कांदा-लसूण सोडल्याने स्वयंपाकघरात जेवढी जागा मोकळी होते, त्याहून पुष्कळ अधिक जागा कुरकुर सोडल्याने घरात मोकळी होते, आणि त्या जागेत कोण येऊन काय बोलेल, हे आधी सांगता येत नाही. ते ऐकण्याइतके आपले कान त्या वेळी मोकळे असावेत, एवढेच गाऱ्हाणे या वेळी देवापुढे घालावयाचे आहे. जमलेल्या मंडळींनी त्याला 'होय महाराजा' म्हणावे, ही विनंती.